नुसता पत्रा लावला म्हणे

परवा रविवारी आमच्या पोरांचा बॉट एका कॉलेजच्या फेस्टमध्ये ८ किलोच्या रोबोवॉरला, म्हणजे रोबोटच्या लढाईला, घेऊन गेलो होतो आणि तिथे जे झालं ते तीन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. कॉलेजचं नाव लिहिणार नाही. त्यांच्याशी भांडण नाहीये माझं, मला वेजबद्दल, म्हणजे बॉटच्या पुढे लावतात त्या तिरक्या प्लेटबद्दल बोलायचंय.

पोरं म्हणजे डिप्लोमाची, सेकंड इयरची, चार मुलगे आणि एक मुलगी, आणि बॉट चालवते ती मुलगीच. मी भोसरीत एका टूलरूममध्ये आहे, रविवारी आणि जमलं तर बुधवारी संध्याकाळी त्यांच्यासोबत बसते. बॉट अगदी साधा आहे. चार जॉन्सन मोटर, तापकीर गल्लीतून, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, घासाघीस करून घेतलेले मोटर ड्रायव्हर, एका सीनियरने वापरून दिलेली लिपो बॅटरी, एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडी अँगलची चौकट, आणि पुढे वेज. म्हणजे तिरकी लावलेली प्लेट, खालची कड जमिनीला टेकलेली, बिजागरीवर लोंबती. कडेला आमच्या टूलरूममधला ओएचएनएसचा, म्हणजे हत्यारं बनवायच्या पोलादाचा, उरलेला तुकडा लावलाय, मालकांना विचारून आणला, हार्ड करून मग पुरेसा टेम्पर केला, कारण फार कडक ठेवला तर पहिल्याच दणक्याला तडकतो. नंतर सरफेस ग्राइंडरवर कड सरळ करून घेतली. हे सगळं प्रत्येक टीमला मिळत नाही हे मला माहितीये, त्या बाबतीत आमची पोरं नशीबवान.

पहिल्या राउंडला समोर ड्रमवाला, म्हणजे पुढे जोरात फिरणारा दातेरी ड्रम असलेला बॉट आला. देखणा होता, लेझर कटिंग करून आणलेले साइड प्लेट, मोठी ब्रशलेस मोटर, ड्रम फिरायला लागला की सगळा हॉल शांत व्हायचा. आमच्या मुलीने सरळ अंगावर गाडी घातली. ड्रम वेजवर आपटला, ठिणग्या उडाल्या, आणि त्याचाच बॉट मागे उडाला, बेल्ट उतरला, मग काय, आमच्या वेजने त्याला खालून घेतलं आणि भिंतीपर्यंत ढकलत नेलं. मिनिटभरात संपलं.

आणि मग आरडाओरडा सुरू झाला. "ह्यांच्याकडे वेपनच नाहीये, नुसता पत्रा लावलाय." त्यांचा कॅप्टन जजकडे गेला, मागोमाग अजून दोन टीम गेल्या, दहा मिनिटं कोपऱ्यात चर्चा झाली आणि आम्हाला बोलावून सांगितलं की पुढच्या राउंडला ॲक्टिव्ह वेपन, म्हणजे मोटरवर चालणारं हत्यार, तरी लावा नाहीतर वेज काढा. मी म्हणलं सर, रूलबुकमध्ये कुठं आहे हे. रूलबुक आमच्या हातात होतं, त्यात वजन होतं, व्होल्टेज होतं, वायरलेस होतं, आग नको पाणी नको जाळी नको सगळं होतं, वेज हा शब्द एकदाही नव्हता. सर म्हणाले, "मॅडम, स्पिरिट ऑफ द गेम असतं ना काहीतरी."

वेज काढला. पुढची चाकं उघडी पडली. दुसरी मॅच आम्ही हरलो, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

परत येताना टेम्पोत कुणीच बोलत नव्हतं, आणि मग चांदणी चौकाच्या आसपास ती मुलगी मला म्हणाली, "ताई, आपण चीटिंग केली का खरंच?" १७ वर्षांची मुलगी. मला त्या जजच्या निर्णयापेक्षा ह्या प्रश्नाचा जास्त त्रास झाला. त्या वेळी मी नीट उत्तर देऊ शकले नाही, म्हणून इथे देते.

आधी हे सांगते की मी स्वतः एकेकाळी पलीकडच्या बाजूला होते. २०११ ला थर्ड इयरला असताना आम्ही आडवा स्पिनर, म्हणजे आडवं ब्लेड गरगर फिरवणारा बॉट, बनवला होता, पूर्ण एक सेमिस्टर त्यात घातलं होतं, आणि एका वेजवाल्या बॉटने आम्हाला दीड मिनिटात बाहेर काढलं. तेव्हा जजकडे जाऊन तक्रार करणारी मीच होते. शब्दसुद्धा तेच, नुसता पत्रा. त्या रात्री वर्कशॉपमध्ये बॉट टेबलावर ठेवून आम्ही पुढचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे बॉटखालची जमिनीपर्यंतची फट, मोजला तर ६ मिलिमीटर निघाला. सगळं लक्ष ब्लेडवर होतं, बॉटच्या पोटाखाली काय चाललंय हे आमच्यातल्या एकानेही पाहिलं नव्हतं, आणि समोरच्या टीमने महिनाभर दुसरं काही पाहिलंच नव्हतं. तक्रार करताना मला वाटत होतं की त्यांनी कष्ट केले नाहीत. कष्ट केले होते त्यांनी, फक्त मला दिसतील अशा जागी केले नव्हते.

माझे मामा पेठेतल्या तालमीत जायचे, लहानपणी मीही त्यांच्याबरोबर आखाड्यापर्यंत जायचे आणि बाहेर बसून बघायचे. कुस्तीत पट काढतात, एकेरी पट दुहेरी पट, म्हणजे समोरच्याच्या हाताशी झोंबत न बसता खाली वाकून सरळ पायात घुसायचं आणि पाय उचलायचे. एकदा मामांचा एक शिष्य असा पट लागून पडला आणि चिडून म्हणाला की ह्याने ताकद लावलीच नाही. मामा त्याला म्हणाले, "पट लागला म्हणजे तुझाच पाय हलका होता." वेजचं अख्खं शास्त्र ह्या वाक्यात आहे असं मला आता वाटतं.

कारण बघा, ढकलाढकलीत मोटर कितीही जोरदार असली तरी शेवटी जोर चाकाच्या घर्षणाएवढाच लागतो, आणि घर्षण चाकावर किती भार आहे त्यावर ठरतं. दोन्ही बॉट ८ किलोचे, रबर आणि स्टीलमधलं घर्षण ०.८ धरलं तर दोघंही साधारण ६.४ किलोच्या जोराने ढकलू शकतात, म्हणजे बरोबरी. आता एकाचा वेज दुसऱ्याच्या खाली गेला आणि त्याचा फक्त २ किलो भार आपल्या अंगावर आला, तर आपल्या चाकांवर १० किलो आणि त्याच्या चाकांवर ६. आपला जोर ८ किलो, त्याचा ४.८. मोटर तीच, बॅटरी तीच, आणि दीडपटीहून जास्त फरक पडला. त्यात त्याच्या बॉटला चालवणारी चाकं पुढेच असतील तर ती हवेत फिरतात आणि तो संपलाच. ही फसवाफसवी कशी म्हणायची, हा घर्षणाचा नियम आहे, शाळेच्या विज्ञानातला.

बरं, वेजला डिझाइन लागत नाही म्हणतात, त्यावर मला खरंच बोलायचंय, कारण कड जमिनीला टेकवणं हे काम जितकं सोपं वाटतं तितकंच अवघड आहे. फिक्स वेज लावला तर चाकाचं रबर जरासं झिजलं की कड एकतर जमीन खरवडते नाहीतर वर उचलली जाते. म्हणून बिजागरी, म्हणजे प्लेट स्वतःच्या वजनाने खाली पडून राहील. पण बिजागरीत खेळ, म्हणजे ढिलेपणा, जास्त झाला की ड्रमच्या पहिल्या ठोक्याला पिन वाकते, आणि खेळ कमी ठेवला की धूळ अडकून प्लेट वरच्या वर राहते. कोन कमी ठेवला तर वेज आत घुसतो चांगला, पण प्लेट लांब आणि पातळ होते आणि आडवा स्पिनर तिला कोपऱ्यात पकडून उपटून काढतो. कोन ४५ अंशाच्या जवळ नेला तर स्पिनरचा फटका वर निघून जातो, पण मग खाली शिरायला त्रास. आणि समोरही वेजच आला तर? मग ज्याची कड खाली तो जिंकला, तिथे एखाद्या कागदाच्या जाडीएवढ्या फरकावर मॅच जाते. आमच्या पोरांनी चार वेज केले होते, तीन भंगारात गेले.

आणि अरीनाचा फ्लोअर! ह्याबद्दल कुणी बोलतच नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एमएसचे पत्रे शेजारी शेजारी टाकून वेल्ड मारतात नाहीतर स्क्रू करतात, आणि जोडाच्या ठिकाणी दोन-तीन मिलिमीटरची पायरी राहते. जमिनीला घासत जाणारा वेज फुल स्पीडला त्या पायरीवर आदळला की बॉट स्वतःच कोलांटी खातो. म्हणजे फ्लोअर खराब असेल तर शिक्षा वेजलाच आहे आधीपासून. आमची मुलगी मॅचच्या आधी अरीनात गेली, बसून हाताने सगळे जोड चाचपले, वहीत नकाशा काढला, आणि पूर्ण मॅचमध्ये एकही मोठा जोड सरळ ओलांडला नाही, सगळे तिरके घेतले. व्हिडिओ परत बघताना मला ते दिसलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. अशा मुलीला तुम्ही सांगता की तू खेळाचा आत्मा मोडलास.

बाहेरच्या देशात हा वाद जुना आहे. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रोबोट वॉर्समध्ये ला मशीन नावाचा बॉट गाजला, तो म्हणजे जोरात पळणारा वेज, दुसरं हत्यार नाही, समोरच्याला खालून घेऊन भिंतीवर नेऊन आपटायचा. तो बनवणाऱ्यांपैकी ट्रे रॉस्की आणि ग्रेग मन्सन ह्यांनीच पुढे बॅटलबॉट्स ही टीव्हीवर गाजलेली रोबोटच्या लढायांची स्पर्धा सुरू केली. कार्लो बर्टोचिनीचा बायोहॅझर्ड नावाचा बॉट घ्या, जेमतेम वीतभरही उंच नाही, चारही बाजूंनी बिजागरीवरचे स्कर्ट जमिनीला टेकलेले आणि मधून वर येणारा उचलणारा हात, त्याच्या खाली जाणं सोपं नव्हतं. त्याला कुणी आळशी डिझाइन म्हणल्याचं मला माहीत नाही. पुढे २०१५ पासून बॅटलबॉट्स नव्याने सुरू झालं तेव्हा मात्र त्यांनी चालतं हत्यार सक्तीचं केलं, नुसता वेज आणू नका. आणि आज तिथे बघाल तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्पिनरच्या पुढे वेज नाहीतर जमिनीला टेकणारे काटे असतातच, कारण आधी खाली जायचं आणि मग मारायचं. वेज गेला नाही, फक्त त्याच्या मागे मोटर आली.

त्या सक्तीला माझा विरोध नाही हे इथे स्पष्ट लिहिते. तक्रार करणाऱ्यांचं एक म्हणणं बरोबर आहे, सगळ्यांनीच फक्त वेज आणला तर दिवसभर ढकलाढकली बघावी लागेल, पब्लिक उठून जाईल, आणि फर्स्ट इयरच्या पोरांना फिरतं हत्यार बॅलन्स करणं, बेअरिंग बसवणं, बेल्टचं टेन्शन हे काही शिकायलाच मिळणार नाही. आयोजकांना तसं नको असेल तर त्यांनी लिहावं, चालतं हत्यार पाहिजे, ते समोरच्याला इतकं उचलू शकलं पाहिजे, इतकं साधं. अमेरिकेत काही ठिकाणी तर वेगळा गटच असतो ज्यात विध्वंसक स्पिनर पण नको आणि नुसता वेज पण नको, कल्पक यंत्रं आणा. छान आहे ना. पॉइंट देण्याची पद्धत बदलूनही हे होतं, बॅटलबॉट्समध्ये प्रत्येक जजकडे ११ पॉइंट असतात, डॅमेजला ५, ॲग्रेशनला ३ आणि कंट्रोलला ३, म्हणजे नुसतं ढकलून तुम्ही फार तर ६ पर्यंत जाल, आणि त्यातला एक जरी पॉइंट सुटला तरी डॅमेजचे ५ घेणारा समोरचा जिंकतो. आपल्याकडे जजशीट, म्हणजे जजने पॉइंट लिहिलेला कागद, बघायला मिळाली तरी खूप झालं.

पण हे सगळं बॉट बनवायच्या आधी सांगायचं असतं. मॅच झाल्यावर, हरलेली टीम ओरडली म्हणून, कोपऱ्यात उभं राहून ठरवायचं नसतं. माझ्या दृष्टीने रविवारी अन्याय झाला असेल तर तो इथे झाला, वेजमध्ये नाही. कारण पैशाचा हिशोब बघा. ड्रमवाल्या टीमची एक ब्रशलेस मोटर आणि तिचा स्पीड कंट्रोलर ह्यात आमच्या पोरांचा निम्मा बॉट होतो. ज्याच्याकडे पैसे कमी तो वेजच बनवणार, त्याला तेवढंच परवडतं आणि त्यातच तो जीव ओततो. त्याला ऐनवेळी सांगितलं की मोटर लाव, तर तो कुठून लावणार? रविवारी दुपारी तीन वाजता? नियम बदलायची किंमत दोन टीमना सारखी पडत नाही, हे त्या कोपऱ्यातल्या चर्चेत कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही मला.

आता दुसरी बाजू, कारण सगळीकडे वेज चालतो असं माझं म्हणणं नाही. काही महिन्यांपूर्वी एका शाळकरी स्पर्धेला मदतीला गेले होते, सहावी-सातवीची मुलं, बॉटने चेंडू गोळा करून डब्यात टाकायचे. एका टीमने चेंडू आत घ्यायला पुढे उतरती फळी लावली होती, डिझाइन म्हणून उत्तम, चेंडू पटापट वर यायचे. पण मैदानात गर्दी झाली की दुसऱ्यांचे बॉट त्या फळीवर चढायचे आणि उलटायचे. तीन बॉट उलटले. एका मुलाच्या बॉटचा हात मोडला आणि तो तिथेच रडायला लागला, आणि ज्यांची फळी होती ती मुलंही रडवेली, कारण त्यांनी मुद्दाम काहीच केलं नव्हतं. इथे मात्र मी वेजच्या विरोधात आहे, पूर्णपणे. मुलाने चेंडू उचलायचा बॉट बनवून आणलाय, उलटं पडल्यावर सरळ होणारा बॉट नाही, ती परीक्षा त्याला सांगितलेलीच नव्हती.

अमेरिकेतल्या फर्स्ट (FIRST) नावाच्या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत, संशोधक डीन केमन ह्यांनी सुरू केलेल्या, हे सगळं आधी होऊन गेलंय. तिथे ५० किलोच्या वरचे रोबोट एकाच मैदानात धावतात, पण खेळ चेंडू वगैरे उचलून टाकण्याचा, मारामारीचा नाही. २००६-०७ च्या सुमाराला त्यांच्या नियमात स्पष्ट होतं की जमिनीपासून साडेआठ इंचांपर्यंत, जो भाग दुसऱ्या रोबोटला भिडणार तो उभ्या रेषेपासून १० अंशांच्या आत असला पाहिजे, हल्ल्यासाठी असो की बचावासाठी, वेज चालणार नाही. आणि त्याच नियमात चेंडू गोळा करणाऱ्या यंत्रणेचंही उदाहरण होतं, ती बाहेर आल्यावर वेजसारखी वागली तर पेनल्टी. म्हणजे आमच्या शाळकरी स्पर्धेत झालेलीच गोष्ट! पुढे बंपरच सक्तीचे झाले, प्लायवूडवर पोहण्याच्या तलावात मुलं धरतात तसले फोमचे नूडल लावून वर कापड, सगळ्यांचे ठरावीक उंचीवर, त्यामुळे भिडले तरी बंपरला बंपर लागतो आणि वेजचा प्रश्न जवळपास मिटला. मला हा उपाय फार आवडतो, कुणाच्या हेतूवर बोट ठेवावं लागत नाही.

आणि उलट टोकाला रोबो सुमो आहे. ३ किलो, २० बाय २० सेंटीमीटर, १५४ सेंटीमीटरचं गोल रिंगण, बाहेर ढकलला की संपलं. तिथे पुढचं पातं म्हणजेच खेळ, ज्याचं पातं खाली त्याची सरशी, आणि जपानमध्ये ह्या पात्यावर लोकांनी वर्षं घालवलीत. तिथे जाऊन कुणी म्हणेल का की नुसता पत्रा लावलाय.

२००८ मध्ये आपल्या पुण्यातच आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन ही कॉलेजच्या मुलांची रोबोट स्पर्धा झाली होती, दहीहंडीवरची, नावच गोविंदा. ती जुनी क्लिप मी ह्या आठवड्यात पोरांना दाखवली. त्यांना विचारलं की इथे वेज लावून काय मिळालं असतं. हसले. इथे हंडीपर्यंत पोचायचंय. मग बॉट चालवणारी मुलगी म्हणाली की म्हणजे ताई, वेज बरोबर की चूक असं नसतंच, स्पर्धा काय विचारतीये त्यावर आहे. टेम्पोतल्या प्रश्नाचं उत्तर तिने तिचं तिनेच काढलं.

मराठीत वेजला पाचर म्हणतात, आणि बिचारीचं नाव बदनाम आहे, कुणाच्या कामात पाचर मारली म्हणतो आपण. पण सुताराला विचारा, कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर नसेल तर पातं निखळून कुणाच्या तरी डोक्यात बसेल.

पोरांनी काल आयोजकांना मेल लिहिलाय, मी फक्त शुद्धलेखन बघितलं. निकाल बदला असं कुठेच म्हणलेलं नाही. पुढच्या वर्षी वेजबद्दल काय ते नोंदणी उघडतानाच लिहा, जजशीट मॅचनंतर दाखवा, आणि फ्लोअरचे जोड घासून घ्या, एवढंच. अजून उत्तर आलेलं नाही.

दरम्यान टेबलावर नवीन बॉट सुरू झालाय. वेज तोच ठेवायचा, पण आता तो वर उचलणार. समोरच्याचा अर्धा भार म्हणजे ४ किलो, पातं १५ सेंटीमीटर, म्हणजे निदान ६० किलो-सेंटीमीटर टॉर्क पाहिजे, आणि तेवढा जुन्या गाडीच्या वायपर मोटरमधून निघेल असा त्यांचा हिशोब आहे, मी तपासला, बरोबर आहे. मोटर रविवारी जुन्या बाजारात बघायची ठरलीये. अडचण वजनाची आहे, वायपर मोटर धरून बॉट ८ किलो ३०० ग्रॅम होतोय आणि ते ३०० ग्रॅम कुठून काढायचे ह्यावर आज रात्री साडेदहापर्यंत भांडत होते. एक मुलगा म्हणतो मागच्या अँगलला भोकं पाडू. मुलगी म्हणते मागचा अँगल पाहिजेच कशाला.